जक्कय झाडावरून उतरल्यावर

गेल्या वर्षी मी एका दहा वर्षांच्या मुलीला अख्ख्या वर्गासमोर रडवलं. ती खोटं बोलली होती, हे खरं. पण तिच्या वयाचा असताना मी तेच, तिच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर केलं होतं, हेही खरं. फरक इतकाच की मी पकडला गेलो नाही, आणि मला बक्षीस मिळालं.

ही गोष्ट सांगायची तर सुरुवात एका अ‍ॅपपासून करावी लागेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळचा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. घर मराठी ख्रिस्ती. ऑफिसात हे कळलं की दोन प्रश्न हमखास येतात. ‘मग घरी इंग्लिश बोलता का?’ आणि ‘कॉन्व्हेंटमध्ये होतास का?’ दोन्हींचं उत्तर नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. आमच्या घरात कित्येक पिढ्या भांडणंही मराठीत होतात आणि प्रार्थनाही मराठीतच. शाळासुद्धा मराठी माध्यमाची.

पुण्यात मी ज्या चर्चमध्ये जातो तिथल्या पाळकसाहेबांनी एका रविवारी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गाला शिक्षक नाही. मुलं सारखी मोबाइलवर असतात. तू इंजिनिअर आहेस, काहीतरी कर.”

शब्बाथ शाळा म्हणजे संडे स्कूल. रविवारच्या उपासनेआधी तासभर मुलांचा वर्ग असतो. गाणी, प्रार्थना, बायबलमधली एखादी गोष्ट आणि पाठ करायला एक वचन. आमचा वर्ग चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्यांवर भरतो. नऊ ते बारा वयाची चौदा मुलं.

‘काहीतरी कर’ हे इंजिनिअरला सांगू नये. मी दोन वीकेंडमध्ये अ‍ॅप बनवलं. वेळेवर हजेरी, १० पॉइंट. वचन पाठ, २० पॉइंट. एक सत्कर्म, ५ पॉइंट. सत्कर्म काय केलं ते मुलांनी स्वतः लिहायचं. वर लीडरबोर्ड, आणि पहिल्या नंबरच्या नावापुढे सोनेरी मुकुट.

पहिले तीन आठवडे मला वाटलं, आपण ख्रिस्ती संगोपनाचा प्रश्न सोडवला. मुलं वेळेच्या आधी येऊ लागली. वचनं धडाधड पाठ होऊ लागली. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचे इमोजी पाठवू लागले. चौथ्या आठवड्यात एका मुलाने एकाच संध्याकाळी अकरा वेळा ‘आजीला पाणी दिलं’ असं लिहिलं. मी हसलो आणि दिवसाला तीन सत्कर्मांची मर्यादा घातली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असंच करतो. माणूस वाकडा वागला की एक अट वाढवायची.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. एखादं मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होतं. त्यांनी मूळ मुद्दा १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडला होता. ऑफिसात आम्ही तो नियम एकमेकांना ऐकवत असतो. ‘बंद केलेल्या तिकिटांची संख्या मोजू नका, लोक सोपी तिकिटं उघडून बंद करतील,’ वगैरे. शेडमध्ये येताना मात्र मी तो नियम बाहेर चपलांशेजारी काढून ठेवत होतो.

लीडरबोर्डवर सगळ्यात खाली एक मुलगा होता. सत्कर्मं शून्य. मी त्याला जरा समजावणीच्या सुरात विचारलं, “एकही चांगलं काम केलं नाहीस का रे?”

तो म्हणाला, “फोन पप्पांकडे असतो. पप्पा रात्रपाळीला जातात.”

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळी मुलं पळाली, आणि तो एकटा सतरंज्या झटकून घड्या करत होता. दर रविवारी तोच करायचा. मला वाटत होतं, चर्चचा शिपाई करतो.

तरीही मी अ‍ॅप बंद केलं नाही. त्याची सत्कर्मं मी स्वतः भरायची, असं ठरवलं. आणखी एक अट.

मग ती मुलगी. मुकुट तिच्याकडे होता. तिच्या नोंदी सुंदर असायच्या. ‘शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेलं.’ ‘मैत्रिणीला माझा डबा दिला.’ एका रविवारी दुसरी मुलगी उभी राहिली. “दादा, मी शाळेत हिच्याच बाकावर बसते. हिने कुणालाच डबा दिला नाही.”

त्याच क्षणी मी विषय थांबवायला हवा होता. मी फोन काढला आणि तिच्या नोंदी एकेक करून मोठ्याने वाचायला लागलो. प्रत्येक नोंदीनंतर, “हे खरं आहे का?” पाचव्या-सहाव्या नोंदीला ती रडू लागली. मागून कुणीतरी “खोटारडी” म्हणालं. त्याला मी गप्प केलं नाही. उलट दहा आज्ञांपैकी नववी आज्ञा कोणती, हा प्रश्न वर्गाला विचारला. सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिच्या आईचा मेसेज आला. “दादा, ती म्हणते आता चर्चला येणार नाही. चूक तिचीच आहे. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटलं.”

तो मेसेज वाचला तेव्हा मी पलंगावर होतो आणि समोर पुस्तकांचं शेल्फ होतं. खालच्या कप्प्यात काळ्या पुठ्ठ्याचं एक छोटं बायबल आहे. घर बदललं की तेही बरोबर येतं. मी ते वाचत नाही, माझं वाचायचं वेगळं आहे. त्याच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आहे, आणि खाली लिहिलंय, ‘शब्बाथ शाळा परीक्षा २००८, प्रथम क्रमांक.’

ते मी कॉपी करून मिळवलं होतं.

आई-बाबा दोघं नोकरीला, त्यामुळे मी वाढलो आजीच्या हाताखाली. आजी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. त्या वर्षांत नगरला रोज लोडशेडिंग असायचं. संध्याकाळी वीज गेली की आजी कंदील लावायची आणि आमची कौटुंबिक उपासना सुरू व्हायची. एक गीत, एक छोटा उतारा, आणि मग प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट देवाला सांगायची. बहुतेक घरांत इथे मुलांना बोलतं करतात. ‘आज काय चुकलं, सांग देवबाप्पाला.’ आमच्याकडे पहिला नंबर आजीचा असायचा. “आज मी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी उगाच वाद घातला.” “आज सुनेला लागेल असं बोलले.” आई समोरच बसलेली असायची. आजी आमेन म्हणायची आणि कंदिलाची वात सारखी करायची.

मी आठ वर्षांचा असताना चर्चच्या महिला मंडळात आजीची पैशांची पुरचुंडी हरवली. आजीने तिथेच एका बाईंचं नाव घेतलं. त्या बाई दोन घरची धुणीभांडी करायच्या. त्या काही न बोलता उठून गेल्या. चार दिवसांनी पुरचुंडी घरात गहू पाखडायच्या सुपाखाली सापडली. बाबा म्हणाले, “जाऊ दे, त्यांच्या घरी जाऊन माफी माग.” आजी म्हणाली, “नाव चारचौघीत घेतलं, माफी घरात मागू?” पुढच्या बैठकीला ती मला हात धरून घेऊन गेली, कारण घरी कुणी नव्हतं. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मी या बाईवर खोटा आळ घेतला.” तिचा आवाज कापत होता. आजीला इतकं छोटं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर कितीतरी वर्षं मला तीच सगळ्यात मोठी वाटत राहिली.

अशा आजीचा नातू मी. तरीही अकराव्या वर्षी कॉपी केली. त्यामुळे चांगल्या घरात मुलं आपोआप चांगली होतात असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो.

परीक्षेत वीस वचनं तोंडपाठ लिहायची होती. मला बारा येत होती. उरलेली आठ मी कंपासपेटीच्या झाकणात चिकटवली. पहिल्या नंबराला बायबल आणि डझनभर वह्या होत्या. नाव पुकारलं तेव्हा आजी पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दोन महिन्यांनी मला ताप आला होता. आजी कपाळावर पट्ट्या ठेवत होती, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती मारेल, किंवा जवळ घेऊन देवाने तुला क्षमा केली म्हणेल. तिने यातलं काहीच केलं नाही. पट्टी पिळली आणि विचारलं, “दुसरा नंबर कुणाचा होता?”

होस्टेलच्या एका मुलीचा.

“म्हणजे तिचं बायबल आपल्या घरात आहे,” आजी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मी तुला ओढत नेणार नाही. तू निघशील तेव्हा मी बरोबर येईन.”

मी कधी निघालोच नाही. आजीनेही पुन्हा विषय काढला नाही. २०१९ मध्ये ती गेली.

ती मुलगी यायची बंद झाल्यावरच्या दोन आठवड्यांत मी बरंच वाचलं. मला कळून घ्यायचं होतं की ख्रिस्ती शिक्षण म्हणजे नक्की काय, आणि मी शेडमध्ये जे करत होतो ते काय होतं.

संडे स्कूलची चळवळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रमालकाच्या नावाने ओळखली जाते. १७८० साली त्याने गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. रविवार अशासाठी की बाकीचे सहा दिवस ती मुलं कामावर असायची. तुरुंगांच्या सुधारणेत रस असलेल्या या माणसाला वाटत होतं, गुन्हा घडल्यावर धावण्यापेक्षा आधी शिकवावं. तिथे बायबल होतं, पण त्यासोबत मुळाक्षरंही होती. म्हणजे सुरुवातीलाच शाळेने पाहिलं होतं की मुलांकडे काय नाही. मी मात्र चौदा घरांत मुलांच्या हाती फोन असेलच, असं गृहीत धरलं होतं.

दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत शेकडो मुली तिथे आल्या. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही. रमाबाईंनी बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रकाशित झालं. ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं आणि त्या कामात तिथल्या मुलींचे हात होते. त्यांनी वचनं पाठ केली असतीलच. पण ती खिळ्या-खिळ्याने हातांनी जुळवणं, ही पाठांतराची वेगळीच जात आहे. मला आमचा सतरंजीवाला आठवला.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. ख्रिस्ती साहित्यात साक्ष देण्याची परंपरा आहे, आणि पुष्कळदा साक्ष देणारा माणूस शेवटी चकचकीत होऊन बाहेर पडतो. लक्ष्मीबाई तशा पडत नाहीत. नवऱ्याचा संताप, स्वतःचं सोवळं, स्वतःची फजिती, सगळं त्या हसत मांडतात. त्यांच्यानंतर पुस्तकाचा उरलेला भाग पूर्ण केला तो देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूने. आईच्या चुका ज्याच्या डोळ्यांदेखत झाल्या, त्यालाच तिची गोष्ट पुरी करावीशी वाटली.

मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘शील’ असा शब्द येतो. पौल तिथे एक साखळी सांगतो. आधी संकट, मग धीर, मग शील, मग आशा. शील तिसरं आहे. ते सुरुवातीला देऊन ठेवता येत नाही. मूळ ग्रीक शब्दात पारखून उतरलेलं असा अर्थ आहे. आम्ही टेस्टिंग म्हणतो तसंच काहीसं. मी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीचे पॉइंट देत होतो. शिवाय, ‘देव वरून सगळं बघतो’ असं सांगून मुलांना घाबरवणाऱ्या शिक्षकांना मी आजवर हसत आलो होतो. माझं अ‍ॅप म्हणजे तोच सीसीटीव्ही होता, फक्त वर मुकुट लावलेला.

एका संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. आईने चहा केला. मुलगी टीव्हीकडे बघत राहिली. मी म्हणालो, “मी तुझी माफी मागायला आलोय, पण इथे मागणार नाही. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर मागेन. यायचं की नाही ते तू ठरव.” तिने टीव्हीचा आवाज एक-दोन आकड्यांनी वाढवला. आईला अवघडल्यासारखं झालं. मी चहा संपवून निघालो.

दोन रविवारांनी ती आली. शेवटच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून बसली.

मी उभा राहिलो. आधी तिची माफी मागितली. तिचं खोटं चुकीचं होतं, पण ते सुधारायची ती पद्धत नव्हती, मी तिला लाजवलं आणि हसणाऱ्यांना हसू दिलं, असं सांगितलं. मग कंपासपेटीची गोष्ट सांगितली. झाकण, आठ वचनं, टाळ्या, सगळं. मुलं इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. अ‍ॅप बंद केल्याचंही सांगितलं. त्यावर मात्र गोंधळ झाला. दुसऱ्या नंबरवरचा मुलगा चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. त्याने वचनं खरोखर पाठ केली होती.

त्या दिवशीचा धडा जक्कयचा होता. लूकच्या शुभवर्तमानातला एकोणिसावा अध्याय. यरीहोचा श्रीमंत जकातदार, बुटका, गर्दीत येशू दिसत नाही म्हणून उंबरावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी उतरतो. लहानपणापासून आम्ही हा धडा झाडापाशी संपवत आलो. झाडाचं चित्र काढायचं, हिरवा रंग द्यायचा, घरी जायचं. पण गोष्ट झाडावरून उतरल्यावर सुरू होते. जक्कय म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या आणि मारून टाकलेल्या मेंढरासाठी चार मेंढरं द्यावी लागायची. तोच कडक हिशेब त्याने स्वतःला लावला.

सतरंजीवाल्या मुलाने हात वर केला. “दादा, पैसे पुरले का?”

मी फळ्यावर लिहिलं. समजा जक्कयकडे १०० रुपये. अर्धे दिले, राहिले ५०. दहा रुपये फसवून घेतले असतील तर परत ४०. उरले १०.

“आणि वीस फसवले असतील तर?”

परत ८०. खिशात ५०. तीस कमी.

“मग काय करेल?”

“कर्ज काढेल,” एकजण म्हणाला. “घर विकेल.” “पण घर तर अर्ध्यात आलं ना!” “हप्त्याने देईल.” साडेबारा रुपयांपर्यंत फसवलं असेल तरच हिशेब बसतो, हे त्यांनी पाच मिनिटांत काढलं. पुढे त्याच्याकडे काय उरलं, हे लूक सांगत नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला वाटायचं, ही क्षमेची गोष्ट आहे. मुलांना दिसलं की ती खर्चाचीही आहे.

तेव्हा भिंतीजवळून आवाज आला. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली. “तुम्ही ते बायबल परत दिलंत का?”

“नाही,” मी म्हणालो.

कुणी “खोटारडा” म्हणालं नाही. म्हणायला हरकत नव्हती.

ऑफिसात एखादी सिस्टिम बंद पडली की आम्ही नंतर बसून एक टिपण लिहितो. काय बिघडलं, कुणाला त्रास झाला, दुरुस्ती काय. ‘कुणाला त्रास झाला’ ही ओळ रिकामी सोडता येत नाही. मी सतरा वर्षं माझ्या कॉपीकडे देव आणि मी यांच्यातलं प्रकरण म्हणून बघत होतो. पश्चात्ताप केला होता, प्रार्थनेत रडलोही होतो. त्या ओळीत एक नाव होतं, ते मी लिहिलं नव्हतं. आजीने तापातल्या मुलाला पहिला प्रश्न तोच विचारला होता.

नगरच्या एका मावशींकडून तिचा पत्ता लागला. ती आता तिथेच एका दवाखान्यात नर्स आहे. फोनवर मी अडखळत कारण सांगितलं. ती म्हणाली, “शनिवारी दोनला ड्यूटी सुटते. गेटबाहेर टपरी आहे.”

मी बायबल वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. ती डबा हातात घेऊन आली. मी विचारलं, “तुम्हाला ती परीक्षा आठवते का?”

“आठवते की. मी तुमच्या मागच्या बाकावर होते. तुमच्या झाकणातला कागद दिसत होता.”

“मग सांगितलं का नाहीत?”

ती हसली. रागाने नाही. “तुम्ही चर्चमधल्या मोठ्या घरातले. होस्टेलच्या पोरीचं कुणी ऐकलं असतं?”

मला काही सुचेना. मी पुडकं पुढे केलं. तिने कागद सोडला, पहिलं पान उघडलं, माझं नाव वाचलं. “बायबल काय, मला नंतर मिळालं,” ती म्हणाली. “मला त्या वह्या हव्या होत्या. त्या वर्षी मी जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून वापरली.”

वह्या मी विसरूनच गेलो होतो. सहावीच्या वर्षात त्या संपल्या असतील. एकीवर मी विमानं काढली होती, ते अंधुक आठवतं.

तिने बायबल डब्याच्या पिशवीत टाकलं. चहाचे पैसे तिने दिले. मी देऊ लागलो तर म्हणाली, “राहू द्या, तुम्ही आमच्या गावात आलाय.” तुमचं-आमचं गाव एकच, हे ती बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने क्षमा केली का, हे मी विचारलं नाही. ते मागायला मी गेलो नव्हतो, असं स्वतःला सांगत मी बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

पुढच्या रविवारी अकरा मुलं होती. अ‍ॅप गेल्यापासून तेवढीच येतात. वचनंही पूर्वीइतकी पाठ होत नाहीत. वर्गाच्या शेवटी आता आम्ही आठवड्यातली एक चूक सांगतो. सक्ती नाही. पहिला नंबर माझा असतो. काही आठवड्यांत बाकी कुणीच बोलत नाही, मग आम्ही तसेच प्रार्थना करून उठतो. त्या दिवशी मी टपरीवरची सगळी गोष्ट सांगितली, वह्यांसकट.

मुकुटवाली मुलगी आता तिसऱ्या रांगेत बसते. ती म्हणाली, “म्हणजे अजून पूर्ण नाही झालं.”

“किती वह्या होत्या?” सतरंजीवाल्याने विचारलं.

“बारा.”

“बारा चोक अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, “मला आता वह्या काय करायच्यात? होस्टेलवर द्या. जूनमध्ये द्या, शाळा उघडतात तेव्हा लागतात.” अठ्ठेचाळीस फुलस्केप वह्यांचं खोकं सध्या माझ्या टेबलाखाली आहे. त्यावर नाव-गाव काही लिहायचं नाही, असं वर्गात ठरलंय.

गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी सतरंजीचं एक टोक धरलं होतं, तो दुसरं. घडी घालताना त्याने विचारलं, “नगरला जाताना मी येऊ का बरोबर?”

त्याच्या पप्पांना विचारायचं आहे. रात्रपाळी करून ते सकाळी सातला येतात, तेव्हा फोन करेन.